माहिती नाही म्हणजे अपात्र नव्हे!

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार, वर ओटीपी. म्हणजे दोघांपैकी एक तरी हयात आहे, हे सिस्टीमने आधीच धरलं! विधवा, घटस्फोटित बायका अडकल्या. मग त्यांच्यासाठी कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय करावी लागली.

आमच्या हेदवीकडे नवरा मुंबईला, ओटीपी त्याच्या मोबाईलवर. हेही कोणी धरलं नव्हतं.

कॉम्प्युटर फक्त नियम पाळतो. गृहीत धरतो तो नियम लिहिणारा. म्हणून प्रत्येक नियमाखाली काय गृहीत धरलंय ते जाहीर लिहा. खोटं ठरलं की बदला. आणि ‘पात्र’, ‘अपात्र’ सोबत तिसरा रकाना ठेवा: ‘चौकशी बाकी’. तोवर १५०० रुपये थांबवू नका.