घरच्या गॅरेजचे भांडवल

आपल्या व्यापारी कुटुंबांत वाहन हे चैनीपेक्षा कामाचे साधन असते. दुकानाचा छोटा टेम्पो, धावपळीसाठी दुचाकी आणि कुटुंबासाठी मोटार एकाच आवारात उभी असते. किरकोळ कामे घरीच करावीत, असे घरातील तरुणांना वाटते आणि ही इच्छा स्वागतार्ह आहे. मात्र बाजारातून येते ती शंभर नगांची चकचकीत पेटी. तिच्यातील निम्म्या अवजारांना कधी हात लागत नाही, आणि जे आधी हवे ते तिच्यात नसते. भांडवल गुंतवताना आपण प्रथम जोखीम पाहतो. येथेही तोच क्रम असावा: आधी सुरक्षितता, मग मोजमाप, शेवटी पाने.

गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. तो घसरू शकतो. हायड्रॉलिक जॅकचे सील गळू लागले तर तोही खाली बसतो. म्हणून गाडीखाली शिरण्याचा विचार असेल, तर गाडीच्या वजनाला पुरेशा क्षमतेची जॅक स्टँडची जोडी ही पहिली खरेदी. जॅक उचलतो, स्टँड धरून ठेवतो. जमीन सपाट व पक्की असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि जमिनीवरील चाकांना लाकडी ठोकळे लावलेले असावेत. विटांची चळत हा स्टँडला पर्याय नव्हे. भाराखाली वीट एकाएकी फुटते. सोबत डोळ्यांसाठी चष्मा आणि दाराजवळ कोरड्या पावडरचे एबीसी अग्निशामक नळकांडे असावे. शटर बंद ठेवून इंजिन कधीही चालू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

दुसरा टप्पा मोजणाऱ्या साधनांचा. टायरमधील हवा टायर थंड असताना मोजावी. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. साधा मल्टिमीटर बॅटरीची प्रकृती सांगतो. काही तास विसावलेली पूर्ण भारित बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत हा आकडा 14 च्या आसपास जातो. तो वर चढलाच नाही, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर तपासून घ्यावा. तिसरे साधन टॉर्क रेंच. चाकाचे नट सैल राहिले तर निघतात, अति आवळले तर स्टड ताणला जातो. गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे, समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करावेत.

यानंतर पाने. 8 पासून 19 मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने आणि रॅचेटसह गोटी पाने एवढ्यात बरीचशी घरगुती कामे होतात. त्यातही 10, 12 आणि 14 हे रोजचे. रिंग पाना नटाला सर्व बाजूंनी धरतो, म्हणून तो उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा कमी निसटतो. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, प्लग पाना आणि एक चांगला दिवा यांची जोड द्यावी. संख्या कमी चालेल, पोलाद चांगले हवे.

बँकेत असताना कर्जदारांच्या गॅरेजांची पाहणी करावी लागे. काही ठिकाणी भिंतीवरील फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असे. रिकामी आकृती दिसली की कोणते अवजार जागेवर नाही ते तत्काळ कळे. घरीही ही पद्धत अवलंबावी. इंजिनच्या कप्प्यात विसरलेला पाना मोठे नुकसान करतो.

शेवटी मर्यादेविषयी. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, सीएनजीची जोडणी आणि हायब्रिड वा विजेवरील गाड्यांतील उच्च दाबाच्या नारिंगी तारा यांना घरी हात लावू नये. ते प्रशिक्षित कारागिराचेच काम. जुने ऑइल गटारात न ओतता डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. घरच्या गॅरेजमुळे थोडे पैसे वाचतील, मुलांना हाताने काम करण्याची गोडी लागेल. त्या लाभासाठी कुणाचा जीव तारण ठेवावा लागू नये, म्हणूनच खरेदीच्या यादीत जॅक स्टँडचे नाव सर्वांत वर लिहावे.