सर्व काही ठीक आहे!

दिवाळीला मुले घरी येतात, तशा त्यांच्या नव्या हुद्द्यांच्या बातम्याही येतात. यंदा माझा पुतण्या जळगावास आला तो पुण्याच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होऊन. वय पंचवीस. वहिनींनी आळीत पेढे वाटले आणि फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवता उपदेशही केला, "नवी नोकरी आहे बाबा. साहेबांपुढे उगाच तोंड उघडू नकोस."

वाचकहो, हा लेख त्या उपदेशाविरुद्ध आहे.

प्रोजेक्ट मॅनेजर काय करतो, हे मी पोराला विचारले. त्याने सरळ सांगितले. काम दुसरे करतात. कोणते काम कोणी, किती पैशांत, किती दिवसांत करायचे याचा मेळ हा घालतो आणि दर आठवड्याला वर कळवतो. कळवण्याची पद्धत रंगांची. सुरळीत असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, अडले असेल तर लाल.

"मग तुझा रंग कोणता?"

"हिरवाच, काका. पिवळा दाखवला की तासभर खुलासे देत बसावे लागते."

"पण काम खरोखर हिरवे आहे का रे?"

पोरगा मुकाट्याने चकली मोडत बसला.

मला हसू आले नाही. तो हिरवा रंग चाळीस वर्षांपूर्वी मीही फासला आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका लहान बंधाऱ्यावर मी नवा कोरा इंजिनिअर होतो. पाया खडकापर्यंत न्यायचा होता. मुकादम रोज सांगे, "भाऊसाहेब, आजून खडक लागना नही." पण पावसाळा तोंडावर आलेला, वरून तगादा चाललेला. मी अहवालात लिहिले, 'कामाची प्रगती समाधानकारक.' लागोपाठ तीन अहवालांत हेच लिहिले. पहिल्याच मोठ्या पुरात बंधाऱ्याची एक बाजू खालून पोखरली गेली. माणूस दगावला नाही, हेच नशीब. पण त्या पाण्याच्या भरवशावर ज्यांनी कांद्याचे रोप टाकले होते, त्यांचा रब्बीचा हंगाम बुडाला. माझ्यावर कसलीही कारवाई झाली नाही. अहवाल समाधानकारक होते ना!

आता याच धुळ्यात उमेदवारी केलेल्या दुसऱ्या एका तरुणाची गोष्ट ऐका. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली इंजिनिअर झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि सुरुवातीलाच खानदेशात आले. दातर्ती गावाजवळ पांझरेचा प्रवाह ओलांडून पाणी नेण्यासाठी नळांचा सायफन बांधायचा होता. उतरत्या नळात शिरलेले पाणी पलीकडे आपल्याच दाबाने वर चढते, अशी ती युक्ती. पावसाने काम अडले. त्यांनी वरिष्ठांना लिहिले की, हे काम पावसाळ्यानंतर घ्यावे. वरिष्ठ रागावले, नव्या माणसाच्या शिस्तीबद्दलच त्यांनी शंका घेतली. विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि पुरे केले.

ही गोष्ट आपल्याकडे आज्ञापालनाचा धडा म्हणून सांगतात. मला तो अर्थ मान्य नाही. काम पुरे केले हे मोठेच. पण त्याआधी अडचण लेखी कळवली, हे माझ्या लेखी त्याहून मोठे. त्या पत्रानंतर वरिष्ठाने हुकूम दिला तो धोका जाणून दिला. माझ्या वरिष्ठाला मी ती संधीच दिली नाही.

कोणी म्हणेल, विश्वेश्वरय्या थोर होते, आमच्या पोराची नोकरी गेली तर? अहो, त्यांना भारतरत्न मिळाले १९५५ साली! पत्र लिहिले तेव्हा ते विशीतले नवखे नोकर होते आणि बोलणी खाऊन घरी आले होते.

साहेबलोकांनाही दोन शब्द सांगतो. पिवळा दाखवणाऱ्याला तुम्ही धारेवर धरता, म्हणून पुढचे सगळे हिरवेच दाखवतात आणि शेवटच्या आठवड्यात एकदम लाल दिसतो. मग दोष त्या पोराचा! याच पांझरेवर शेतकऱ्यांनी शतकानुशतके फड पद्धतीने पाणी वाटून घेतले. बंधारा सगळ्यांचा, कोणत्या फडात कोणते पीक हे सगळ्यांनी बसून ठरवायचे, आणि पाणी फिरवायला गावाने नेमलेला पाटकरी. पाट फुटला तर पाटकऱ्याला 'समाधानकारक' म्हणता येत नसे. सुकणारे पीक बांधावरून सगळ्यांना दिसे. तुमच्या काचेच्या कचेरीत पीक दिसत नाही. म्हणून तिथे खरे बोलणारा माणूस जपावा लागतो.

भाऊबीज झाली. पोरगा बॅग भरताना म्हणाला, "काका, पिवळा दाखवला तर शेजारी लिहू काय?"

मी सांगितले, "काय अडले, कधीपासून अडले, कोणाकडून काय हवे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत. चार ओळी पुरेत. आणि सोबत स्वतःचा एक उपायही लिही. नुसते रडगाणे नको."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना म्हटले, "वहिनी, हा पत्र लिहील आणि बोलणी खाऊन फोन करील. तेव्हा 'सांगितले होते ना गप्प राहा' असे म्हणू नका. एवढी ओवाळणी त्याला द्या."

हीच ओवाळणी मी प्रत्येक घराकडे मागतो.