पत्र्यावरचे दगड आणि घरकुलाचा हिशेब

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड व परभणी हे जिल्हे भूकंपाच्या दोन धक्क्यांनी हादरले. त्यांतील मोठा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. त्यानंतर या पट्ट्यातील प्रशासनाने जनतेला एक आवाहन केले: ज्यांच्या छपरांचे पत्रे दगड ठेवून दाबलेले आहेत, त्यांनी ते दगड तातडीने उतरवावेत. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण मराठवाड्याच्या मनातून अद्याप पुसलेली नाही, तेव्हा हे आवाहन योग्यच होते. मात्र मुळात पत्र्यावर दगड का ठेवावा लागतो, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. वळवाच्या वादळात छप्पर उडून जाऊ नये म्हणून गरीब माणूस दगड ठेवतो, कारण पक्की भिंत आणि लोखंडी कैच्या त्याच्या ऐपतीबाहेरच्या आहेत. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. दगड ठेवला तर भूकंपाची धास्ती आणि उतरवला तर वाऱ्याची, अशा कोंडीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी शासनाकडे घरकुल योजना आहे. तिचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली ग्रामीण भागात सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली, पण अनुदानाचा आकडा तोच ठेवला. मधल्या काळात सिमेंट, सळई, वीट आणि गवंड्याची मजुरी कोठे जाऊन पोहोचली, हे खेड्यातील शेंबडे पोरही सांगेल. शासनाचे स्वतःचे मोजमापच घ्या. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०१६-१७ साली दिवसाला १९२ रुपये होती, ती २०२५-२६ साली ३१२ रुपये झाली. त्याच प्रमाणात अनुदान वाढले असते, तर ते १ लाख ९५ हजारांवर गेले असते. राज्य शासनाने एप्रिल २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली खरी, परंतु त्यातील १५ हजार सौर संचासाठी आहेत. बांधकामाच्या वाट्याला ३५ हजारच येतात. पाच ब्रास मोफत वाळूची घोषणाही त्याच महिन्यातली. घोषणेतील वाळू आणि नदीतील वाळू यांच्यामध्ये ठेकेदार उभा असतो, हे वाचकांस सांगायला नको.

त्यातही पहिला हप्ता १५ हजारांचा. तेवढ्यात पाया खणून होतो, फार तर जोते उभे राहते. पुढचा हप्ता काम दाखविल्यावर मिळतो आणि काम दाखवायला पैसा हवा असतो. भूमिहीन शेतमजुराला बँक दारात उभे करीत नाही. उरतात सावकार, बचतगटाच्या नावाने दारोदार फिरणाऱ्या कर्जकंपन्या आणि ऊसतोडीचा मुकादम. मुकादमाची उचल घेऊन भिंत चढते व ती उचल फेडण्यासाठी दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता कारखान्याच्या फडावर जातो. नव्या घराला कुलूप लागते, म्हातारी माणसे मागे राहतात, आणि घराचा मालक सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपतो.

ज्याच्याकडे जागाच नाही, त्याची कथा याहून बिकट आहे. गावठाणे भरून गेली, म्हणून दलित आणि भटक्या जमातींची अनेक कुटुंबे गायरानावर वसली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा जो सत्याग्रह उभारला, त्यात मराठवाडा अग्रभागी होता. सहा दशकांनंतरही प्रश्न तेथेच अडलेला आहे. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या. त्यांत घर थाटलेला मजूर आणि जमीन बळकावणारा धनदांडगा यांना एकाच मापाने मोजण्यात आले.

घर परवडत नाही, याचे मूळ कारण या जिल्ह्यात मिळकत नाही, हे आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीत २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार लोक होते आणि शंभरांतील सुमारे ८५ खेड्यांत राहत होते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला, तेव्हा बाजारात शेतकऱ्याच्या हाती चार हजारांच्या आसपास पडत होते. हळदीत हिंगोली राज्यात अग्रेसर आहे, वसमतला संशोधन केंद्रही मंजूर झाले. परंतु शिजवून वाळविलेली हळद पोत्यांत भरून बाहेर जाते आणि पुढच्या प्रक्रियेतला रोजगार तिच्याबरोबर जातो. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींच्या प्रयोगशाळेसाठी केंद्राने २०२३ साली २,६०० कोटी मंजूर केले. विज्ञानाच्या या कामाचे स्वागतच आहे. कळमनुरी किंवा सेनगावच्या तांड्यावरील तरुणाला मात्र तिच्यामुळे बारमाही काम मिळणार नाही. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष आकड्यांत मांडला आणि पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा सत्ताधारी वा विरोधक कोणालाही झोप उडाल्याचे दिसले नाही.

आता घरकुलाच्या नव्या यादीसाठी झालेले सर्वेक्षण पाहा. त्याची मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, नंतर ती वाढविण्यात आली. नोंदणीसाठी मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी आवश्यक होती. म्हणजे ज्या महिन्यांत तोडणी कामगार फडावर असतो, नेमक्या त्याच महिन्यांत त्याने गावात बेघर म्हणून हजर असावे, अशी अपेक्षा. कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत ही यादी मोठ्याने वाचायला लावावी आणि परगावी गेलेल्या कुटुंबांची नावे स्वतः पडताळून पाहावीत. वगळलेल्यांची नोंदणी कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, लोक गावी परतल्यानंतर पुन्हा घेण्यास गटविकास अधिकाऱ्यांना भाग पाडावे. अनुदान दरवर्षी मजुरीच्या प्रमाणात वाढवावे आणि पहिला हप्ता जोत्याच्या वर भिंत उभी राहील एवढा असावा, या दोन मागण्या त्याच ठरावात घालाव्यात.