‘पानिपत झालं’ म्हणण्याआधी

हिंदीत पानिपत म्हणजे ब्लँकेटं आणि पचरंगा लोणचं. मराठीत ते होतं: परीक्षेत, निवडणुकीत, क्रिकेटमध्ये कुणाचंही. दिल्लीत भाषांतरं करताना हा वाक्प्रचार मला दर वेळी अडवतो. त्यात कुणी काही करत नाही; सगळं नुसतं होतं.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी या बौद्धिक आळसाविरुद्ध लिहिलं. १९४६ साली डेक्कन कॉलेजतर्फे इंग्रजीत, १९६१ साली, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, मराठीत. दैव, संक्रांत, भाऊंचा हट्ट या उत्तरांवर त्यांचं समाधान झालं नाही.

आज आपण काय करतो? दर १४ जानेवारीला काला अंबच्या स्मारकापाशी फेटे, घोषणा, सेल्फी. तिथे कुणालाही विचारा, शत्रू कुठल्या बाजूला होता? मी पहिल्यांदा गेले तेव्हा बेधडक उत्तरेकडे बोट दाखवलं होतं. अफगाण तिकडूनच येणार ना! प्रत्यक्षात ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. उपासमारीनं खंगलेली आपली फौज दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे घराच्या दिशेनं लढली. रसद का तुटली, हे या एका गोष्टीतून उलगडतं. आणि ती सांगायला घोषणा उपयोगी नाहीत.

दुसरी रणभूमी तर दिल्लीला खेटूनच आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकनं शिंद्यांच्या फौजेला हरवलं. तिचा इंग्रजांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. जिंकणाऱ्यांनी निदान जागेची नोंद तरी ठेवली.

शहर वाढणारच, शेतकऱ्याची जमीन गोठवायची का, असा प्रश्न येईल. रास्त आहे. मी जमीन मागत नाही, पुतळा तर नकोच. बागपतचा उतार, छावणीची जागा, फौजांच्या दिशा दाखवणारे नकाशे आणि फलक हवेत. हिंदी, मराठी आणि उर्दूतही. कारण या लढाईचा मोठा साक्षीदार काशिराज हा शुजाच्या चाकरीतला दक्षिणी पंडित, आणि त्यानं लिहिलं फारसीत. आपल्या पराभवाची हकिगत आपल्याला भाषांतरातूनच मिळाली आहे.

शेजवलकरांचं स्मरण करायचं असेल तर ‘पानिपत झालं’ म्हणण्याआधी आपण विचारावं: कुठे, कुणामुळे, का?