अपवर्तनांक पाठ करू नका!



जाड भिंगांचा चष्मा लागला म्हणून तो दप्तरात लपवणारी मुले तुमच्याही वर्गात असतील. फळा दिसत नाही, पण चष्म्याची लाज वाटते! गंमत अशी की, यांतील कित्येकांना अपवर्तनांकांचा तक्ता तोंडपाठ असतो. तोच आकडा आपल्या नाकावर बसला आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

भिंगाची शक्ती त्याच्या वक्रतेवर आणि अपवर्तनांकातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येवर अवलंबून असते. चष्म्याच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा (सीआर-३९) अपवर्तनांक १.५० आहे. तो १.६७ झाला, तर ०.५० च्या जागी ०.६७ येतात. मग तेवढ्याच नंबरासाठी पाऊणपट वक्रता पुरते आणि भिंग पातळ होते.

हा अंक वाढवायचा कसा? प्रकाशलहरी पदार्थातून जाताना रेणूंतील इलेक्ट्रॉनांना हलवतात. ते जितके सहज हलतील आणि रेणू जितके दाटीने बसतील, तितका प्रकाश मंदावतो. गंधकाचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सहज हलतात. म्हणून बहुवारिकाच्या लांब साखळीत गंधक गुंफले, की अंक १.६७, अगदी १.७४ पर्यंतही नेता येतो. मात्र त्याबरोबर अपस्करणही वाढते. भिंगाच्या कडेने पाहिल्यास अक्षरांना रंगीत किनार दिसू शकते.

अंक दरवेळी वाढवायचाच असतो असे नाही. कधी तो जुळवायचा असतो. लाकडाचे तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांचे अंक वेगळे, म्हणून प्रकाश विखुरतो. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी लाकडाचा रंग घालवून त्याच्या पोकळ्यांत तंतूंशी अंक जुळणारे बहुवारिक भरले. १.२ मिलिमीटर जाडीच्या त्या लाकडातून ९० टक्के प्रकाश पार गेला! आणि हे बहुवारिक बनले होते लिमोनीनपासून, म्हणजे संत्र्याच्या सालीतील तेलाच्या मुख्य घटकापासून. आपल्या वरूडात ही साल आपण उकिरड्यावर टाकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: अपवर्तनांक हा पाठ करण्याचा नव्हे, घडवण्याचा आकडा आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, ‘अपवर्तनांक किती?’ एवढेच विचारू नका, ‘तितकाच का?’ हेही विचारा. त्या तासाला रसायनशास्त्राच्या शिक्षकांनाही बोलवा.

आणि मित्रा, आधी तो चष्मा दप्तरातून काढून डोळ्यांवर लाव बरे!