प्रतिहल्ल्याची किंमत

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक शूर सरदार ओग्र नावाच्या राक्षसाच्या सोट्याखाली पडला तो पुन्हा उठला नाही. त्यावरून माझे व माझ्या जिवलग मित्राचे चार दिवस बोलणे बंद होते. सरदार कागदावरचा होता, भांडण मात्र खरे होते.

खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, एकाने सूत्रधार व्हायचे आणि वार लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचे. टिळकवाडीत मित्राच्या माडीवर आम्ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे खेळतो. तीत दुसऱ्याच्या पाळीत तुम्हाला एकच हालचाल करता येते. तिला 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. ती खर्ची पडली की स्वतःची पुढची पाळी येईपर्यंत हात बांधलेले! माझ्या सरदाराला दोन विद्या अवगत होत्या. शत्रूचा वार चुकला की उलट वार करायचा, ही 'रिपोस्ट'. आणि वार लागलाच तर इजा कमी करायची, ही 'पॅरी'. दोन्हींना तीच एक रिअ‍ॅक्शन लागते.

पहिल्या गॉब्लिनचा वार चुकला. मी मोठ्या ऐटीत रिपोस्ट करून त्याला लोळवले. लगेच ओग्रचा सोटा बसला. मी ओरडलो, "पॅरी!" सूत्रधार मित्र शांतपणे म्हणाला, "संपली की रे तुझी रिअ‍ॅक्शन." तलवार हातात आहे, हात शाबूत आहे, मग बचाव का नाही? पण तो ऐकेना. (फाशाचे आकडे तो कन्नडमध्ये मोजतो, भांडतो मात्र मराठीत.)

समेट झाला तो एका तडजोडीवर : पॅरी दोन्ही बाजूंना हवी तितक्या वेळा फुकट. झाले काय, की एकच चकमक दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत चालली! जर्मनीतल्या 'दास श्वार्त्से आउगे' (१९८४) या खेळात वारानंतर बचावाचाही वेगळा फासा टाकतात. तिथेही दोन तरबेज योद्धे भिडले की लढाई सरता सरत नाही, अशी जुनी तक्रार आहे.

मग प्रतिहल्ला फुकट करून पाहिला. तेव्हा तर कोणी जवळच येईना. वार चुकला की उलटा बसणार, म्हणून गॉब्लिन लांबूनच बाण मारत राहिले आणि आम्हीही तेच केले. शिवाय माझा उलट वार चुकला तर त्यावर त्याचा, तो चुकला तर पुन्हा माझा, हे थांबायचे कुठे? मूळ नियमात प्रत्येकाजवळ एकच रिअ‍ॅक्शन असल्यामुळे ही साखळी दोन कड्यांत आपोआप तुटते.

एकच रुपया दोन खात्यांवर खर्च करता येत नाही, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना तरी आधी उमगायला हवे होते. प्रतिहल्ल्याचा खर्च बचावाच्याच खात्यातून गेला पाहिजे, असे आता माझे ठाम मत आहे. स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स'मध्ये (१९८६) हा सौदा अगदी उघड आहे : सारे बळ हल्ल्यात ओतले की पुढच्या पाळीपर्यंत ना ढाल, ना पॅरी, ना अंग चुकवणे. मी रिपोस्ट केली तेव्हा मीही सौदाच केला होता. फक्त किंमत वाचली नव्हती.

एक गोष्ट मात्र अजून पटत नाही. सहा जणांनी घेरलेल्या निष्णात योद्ध्यालाही एकच रिअ‍ॅक्शन आणि कालच्या नवशिक्यालाही एकच, हा कुठला न्याय? वरच्या पायरीवर पोचलेल्याला दुसरी द्यावी. पण तीही वारावर किंवा बचावावर, कुठेतरी एकाच जागी खर्च व्हावी. मित्राला हे मुळीच मान्य नाही. येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत. माझा नवा सरदार तयार आहे. त्याला रिपोस्ट शिकवावी की नाही, हे अजून ठरत नाही.