खापर प्लेगच्या माथी: व्हॅरम पर्सी कोणी उजाड केले?

१/ इंग्लंडमध्ये मध्ययुगात नांदलेली आणि पुढे उजाड झालेली सुमारे ३,००० गावे अभ्यासकांनी नोंदवली आहेत. त्यांपैकी कोणत्याही गावाविषयी विचारा, ठरलेले उत्तर येते: ‘प्लेगने गाव बसले.’ बहुतेक गावांबाबत हे उत्तर चूक आहे. शिवाय ते सोयीचे आहे. कोणाच्या सोयीचे, हे यॉर्कशायरमधील एका गावाच्या साक्षीने पाहू.

२/ गावाचे नाव व्हॅरम पर्सी. यॉर्कशायर वोल्ड्स या खडूच्या टेकड्यांमधील एका दरीकाठी आज छप्पर हरपलेले सेंट मार्टिनचे चर्च, एक तळे आणि गवताखालचे उंचवटे एवढेच उरले आहे. तिरप्या उन्हात त्या उंचवट्यांतून घरांची जोती आणि जुन्या वाटा उमटतात. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात: जिथे दिवा लावायला कोणी उरले नाही.

३/ आर्थिक इतिहासकार मॉरिस बेरेसफोर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० या काळात उन्हाळ्यामागून उन्हाळे येथे उत्खनन झाले. राजवाडे आणि किल्ले सोडून शेतकऱ्याच्या घराची जमीन इतक्या चिकाटीने क्वचितच कोणी उकरली असेल.

४/ आता काळाचा हिशेब मांडू. महामारी इंग्लंडमध्ये १३४८ साली आली आणि पुढच्या वर्षी उत्तरेकडे पसरली. व्हॅरम पर्सीतील अखेरची कुटुंबे हटवली गेली ती १५०० च्या सुमारास. म्हणजे ज्या घावाने गाव मेले असे म्हणतात, तो सोसून ते सुमारे दीडशे वर्षे जगले. मग मारले कोणी?

५/ उत्तर लोकरीत आहे. नांगरटीला अनेक हात लागतात. मेंढ्यांच्या कळपाला एक मेंढपाळ पुरतो. धान्याचे भाव पडलेले, मजुरी चढलेली आणि लोकरीला मागणी. अशा वेळी जमीनदाराने कुळे उठवली, शेतांचे कुरण केले आणि भोवती कुंपण घातले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर अनेक कुळांचा कायद्यापुढे टिकेल असा हक्कच नव्हता.

६/ हा आजच्या अभ्यासकांचा कल्पनाविलास नाही. गावे ओस पडण्याविरुद्ध इंग्लंडमध्ये १४८९ सालीच कायदा झाला होता. १५१७ साली कार्डिनल वुल्सीने चौकशी आयोग नेमला. त्या चौकशीत व्हॅरम पर्सीची नोंद सापडते: जमीनदार हिल्टन याने चार नांगर बंद पाडले आणि चार घरे पडू दिली. चार हा आकडा लहान वाटेल. पण हळूहळू आटत आलेल्या गावाची ती अखेरची घरे होती.

७/ आक्षेप येईल: ‘मजूर महाग झाले ते प्लेगमुळेच ना?’ खरे आहे. माणसे घटली नसती, तर मेंढ्यांचा हिशेब जमला नसता. प्लेगनेच संपवलेली गावेही आहेत. ऑक्सफर्डशायरमधील टसमोर हे त्यांपैकी एक. पण महामारीने संधी निर्माण करणे वेगळे आणि त्या संधीचा लाभ घेऊन शेजाऱ्याला घराबाहेर काढणे वेगळे. पहिली आपत्ती, दुसरा निर्णय. निर्णयाला कर्ता असतो.

८/ उलटा पुरावाही पाहा. डर्बीशायरमधील ईम या गावात १६६५-६६ च्या प्लेगने सुमारे २६० माणसे नेली. रोग बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःला कोंडून घेतले. ‘प्लेगचे गाव’ हीच त्याची ओळख. ते गाव आजही नांदते आहे. मेलेल्यांच्या जागी माणसे परत येतात. कुरणात मात्र त्यांना परत येऊ दिले जात नाही.

९/ समकालीनांनाही हे ठाऊक होते. वॉरिकशायरचा धर्मगुरू जॉन राउस पंधराव्या शतकातच उजाड गावांची यादी करून जमीनदारांच्या लोभाला दोष देत होता. थॉमस मोरने १५१६ च्या ‘युटोपिया’त याच मेंढपाळीवर कोरडे ओढले. डोळ्यांदेखत गावे उठताना पाहणारे कुंपणाकडे बोट दाखवत होते. प्लेगचे सोपे उत्तर त्यांचे बोट खाली करते.

१०/ जीवाणूवर फिर्याद होत नाही, त्याचे वंशज नसतात, त्याच्या नावे जमीन नसते. म्हणून दोष त्याच्या माथी मारणे स्वस्त पडते. स्थानिक इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाने उजाड गावापुढे दोन प्रश्न विचारावेत: गाव नेमके केव्हा रिकामे झाले? आणि त्यानंतर त्या जमिनीचे उत्पन्न कोणाच्या घरी गेले? व्हॅरम पर्सीत पहिल्या प्रश्नाने प्लेग आरोपमुक्त होतो. दुसरा थेट जमीनदाराच्या दारात नेऊन सोडतो.